आधी विचारा

करमाळ्याजवळच्या एका वाडीतल्या काकूंना स्तनाचा कॅन्सर निघाला. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात उपचार ठरले: आधी दर २१ दिवसांनी केमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन. दोन केमो झाल्या. तिसऱ्या तारखेला काकू आल्याच नाहीत.

"ही माणसं ऐकतच नाहीत, सिस्टर. उपचार सोडले, असं फाइलवर लिहून टाका," तरुण डॉक्टर म्हणाले.

पहिल्या तपासणीपासून शेवटच्या रेडिएशनपर्यंत रुग्णाच्या सोबत राहायचं, हेच सिस्टरांचं काम होतं. "लिहिते सर, पण आधी विचारते," म्हणत त्यांनी फोन लावला.

"काकू, का आला नाहीत?"

"गाठ आता हाताला लागत न्हाई, सिस्टर. बरी झाले मी. कशाला यायचं?"

"औषध लागू पडलंय, चांगलंच झालं. पण हाताला न लागणारा कॅन्सर आत शिल्लक असू शकतो. अर्ध्यात सोडलं तर पुन्हा वाढेल. बरं, येण्यात आणखी काही अडचण?"

काकू आधी नाही नाही म्हणाल्या, मग हळूहळू बोलत्या झाल्या. एक दिवस रक्त द्यायचं, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट, मग केमो, मग परतीची गाडी. दर खेपेला चार दिवस जात. मालकांची मजुरी बुडे आणि दोन म्हशींच्या धारा काढायला शेजारणीची मनधरणी करावी लागे.

सिस्टरांनी डॉक्टरांशी बोलून मार्ग काढला. रक्त करमाळ्यातच तपासायचं, रिपोर्ट मोबाइलवर पाठवायचा, इकडून होकार आला की गाडीत बसायचं. कॅन्सर रुग्णांसाठीच्या रेल्वे सवलतीचा फॉर्मही त्यांनी भरून दिला. काकू आल्या तेव्हा त्यांच्या कॅलेंडरवर केमोच्या तारखांना लाल गोल केले आणि पांढऱ्या पेशी कमी होतात त्या मधल्या दिवसांवर पेन्सिलीने रेघा मारल्या. "या दिवसांत ताप १००.४ वर गेला, तर गोळी घेऊन घरी बसायचं नाही. लगेच फोन करायचा, रात्र असली तरी."

काकूंचे उपचार पूर्ण झाले. डॉक्टर म्हणाले, "औषध तर तेच होतं, सिस्टर."

"हो सर, वाट अडली होती. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये डॉ. हॅरल्ड फ्रीमन यांनी हेच ओळखलं. गरीब बायका उपचाराला उशिरा पोचत होत्या. त्यांना दोष देत न बसता त्यांच्या अडचणी सोडवायला डॉक्टरांनी १९९० साली माणसं नेमली."

त्यानंतर ते डॉक्टर कुणाच्याही फाइलवर शेरा मारण्याआधी स्वतः फोन करू लागले.

तात्पर्य: उपचार सोडणाऱ्याला नावं ठेवण्याआधी त्याची अडचण विचारावी. तुमच्या ओळखीत कुणी असे उपचार घेत असेल, तर तब्येतीची चौकशी करून थांबू नका. पुढच्या तारखेला जाण्यात काय अडतंय ते विचारा आणि त्यातलं एखादं काम स्वतःच्या अंगावर घ्या.