ह्याचा उपयोग काय?

हैदराबादेतील दिलसुखनगर हा भाग शिकवणी वर्गांसाठी प्रसिद्ध आहे. दूरदूरच्या गावांतील मुले तेथे परीक्षांच्या तयारीसाठी राहतात. आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन फी भरलेली असते. तेव्हा प्रत्येक धड्यापाशी "हे परीक्षेत येणार का? ह्याचा उपयोग काय?" असे मुलांनी विचारले, तर त्यांना दोष देता येणार नाही.

ह्याच शहरात टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे बलून केंद्र आहे. पातळ प्लॅस्टिकचे, हायड्रोजन भरलेले प्रचंड फुगे तेथून उपकरणे घेऊन ३० ते ४० किलोमीटर उंच जात आले आहेत. त्यांतील काही आकाशातील क्ष-किरण मोजण्यासाठी सोडले होते. हे किरण आपले वातावरण शोषून घेते, म्हणून जमिनीवर जीव सुरक्षित राहतो. पण म्हणूनच ते मोजायचे तर हवेच्या वर जावे लागते. पुढे २८ सप्टेंबर २०१५ रोजी भारताने अ‍ॅस्ट्रोसॅट हा उपग्रह सोडला. त्यावरील क्ष-किरण दुर्बीण उभारण्यात ह्याच संस्थेचा मोठा वाटा होता.

अशा दुर्बिणींना दिसते तरी काय? कन्या राशीत ३सी २७३ नावाचा एक क्वेसार आहे. तो किती दूर आहे हे मार्टेन श्मिट यांनी १९६३ मध्ये ओळखले. त्याच्या मध्यभागी सूर्याच्या कोट्यवधी पट वस्तुमानाचे कृष्णविवर आहे. त्यात ओढला जाणारा वायू भोवऱ्यासारखा फिरतो, अतिशय तापतो, आणि तेथून क्ष-किरण निघतात. आज आपल्याला मिळणारे किरण निघाले, त्याला सुमारे २०० कोटी वर्षे झाली.

वाचकहो, ह्याचा उपयोग काय? कोणी म्हणेल, रोन्टजेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले, तेही उपयोगासाठी नव्हे. तरी आज प्रत्येक इस्पितळात ते कामी येतात. हे खरे आहे. परंतु हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही, कारण त्यातही माप उपयोगाचेच राहते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शेजारी उपाशी असता आकाशात फुगे कशाला? उपाशी माणसाला आधी भाकर दिली पाहिजे, ह्यात वाद नाही. पण ज्या मनाला उपयोगावाचून दुसरे मापच ठाऊक नाही, ते भाकर तरी का देईल? अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या आईचा उपयोग काय? परीक्षेत नापास झालेल्या मुलाचा उपयोग काय? वस्तूंना विचारता विचारता हा प्रश्न माणसांपर्यंत केव्हा येऊन पोचतो, हे आपल्याला कळतही नाही.

जे आपल्या कामाचे नाही, जे आपल्यासाठी घडलेले नाही, तेही आहे तसे नीट पाहावे, त्याविषयी खोटे बोलू नये, ही सवय मनाला लावावी लागते. क्वेसारचे किरण मोजणारा माणूस हेच करीत असतो. रोग्याच्या उशाशी बसणाऱ्यालाही ह्याच सवयीची गरज असते.

म्हणून रविवारच्या शाळेतील शिक्षकांना एक विनंती आहे. एखाद्या मुलाने ताऱ्यांविषयी विचारले, तर "हे परीक्षेत नाही" म्हणून त्याला गप्प बसवू नका. त्याच्याबरोबर घटकाभर आकाशाकडे पाहा. उद्या निकालाच्या यादीत त्याचे नाव नसले, तरी आपली किंमत त्या यादीवर ठरत नाही, हे त्याला तुमच्याकडून आधीच कळलेले असेल.