हरवलेल्या गोडीचे ऋण

मोठ्या दुःखांची दखल सर्वच जण घेतात. तत्त्वज्ञ त्यांवर ग्रंथ लिहितात, शेजारी सांत्वनाला येतात. परंतु काही दुःखे इतकी लहान असतात की ती बोलून दाखविण्याचाही माणसाला संकोच वाटतो. लहानपणी दहा पैशांना मिळणारी एखादी गोळी आता कोणत्याच दुकानात मिळत नाही, हे असेच एक दुःख. पन्नाशी ओलांडलेली चार माणसे लग्नाच्या मांडवात किंवा मयताच्या घरी रात्र जागविण्यासाठी एकत्र बसली, की बोलणे हळूहळू त्या गोळ्यांकडे, त्या केशरी पेयाकडे, काचेच्या बरणीतल्या त्या श्रीखंडाच्या गोळ्यांकडे वळते. क्षणभर सर्वांचे चेहरे उजळतात. मग कोणीतरी सुस्कारा टाकतो आणि विषय बदलतो. ह्या सुस्काऱ्याचा अर्थ काय? ही ओढ म्हणजे निव्वळ बालिशपणा, की निरुपद्रवी करमणूक, की तिच्यामुळे आपल्यावर काही कर्तव्यही येऊन पडते? प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. तो तसा नाही, असे आमचे मत आहे.

ह्या ओढीला इंग्रजीत ‘नॉस्टॅल्जिया’ म्हणतात. हा शब्द योहानेस होफर ह्या तरुण वैद्यकीय विद्यार्थ्याने १६८८ साली बाझल येथील आपल्या प्रबंधात घडविला. ‘नोस्तोस’ म्हणजे घरी परतणे आणि ‘आल्गोस’ म्हणजे वेदना, ह्या दोन ग्रीक शब्दांची त्याने सांगड घातली. घरापासून दूर राहिलेली माणसे घराच्या आठवणीने झुरतात, हा त्याच्या मते एक आजारच होता. आपल्या मराठीने मात्र ह्याच भावनेला ‘स्मरणरंजन’ असे नाव दिले आहे. एका शब्दाने वेदनेवर बोट ठेवले, दुसऱ्याने रंजनावर. दोन्ही शब्द खरे आहेत, पण अर्धे खरे. केवळ वेदना म्हटले तर तिच्यावर औषध शोधावेसे वाटते, केवळ रंजन म्हटले तर ते संपल्यावर हात झटकून उठता येते. ह्या दोहोंपलीकडे तिसरे काही आहे काय, हे पाहण्यासाठी प्रथम नेमके काय हरवले ते तपासू या.

१९९३ साली ‘पार्ले’च्या शीतपेयांची नावे कोका-कोला कंपनीने विकत घेतली. त्यांत ‘गोल्ड स्पॉट’ हे केशरी पेय होते. पुढे घेणाऱ्या कंपनीने आपल्याच दुसऱ्या केशरी पेयासाठी ते बाजारातून काढून घेतले. ‘रोला कोला’ नावाची गोल, कडक गोळी २००६ साली बंद झाली. २०१९ साली एका ग्राहकाने ट्विटरवर तिची आठवण काढली. दहा हजार जणांनी ही मागणी पुढे पाठविली तर विचार करू, असे कंपनीने कळविले आणि त्याच वर्षी ती गोळी खरोखरच परत आली. रावळगावची कथा आणखी बोलकी आहे. नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळच्या ह्या गावात शेठ वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली साखर उद्योग उभारला. पुढे तेथे गोळ्या होऊ लागल्या आणि ‘रावळगाव’ हे गावाचे नाव न राहता महाराष्ट्राच्या घराघरांत गोळीचेच नाव होऊन बसले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ह्या गोळ्यांचा व्यवसाय २७ कोटी रुपयांना रिलायन्सच्या एका कंपनीला विकला गेला. त्या व्यवहारात गोळ्यांची नावे आणि कृती विकल्या गेल्या. जमीन, इमारती आणि यंत्रे मात्र मूळ कंपनीकडेच राहिली.

ह्या व्यवहाराकडे सुज्ञ वाचकांनी थोडे थांबून पाहावे. गोळी म्हणजे काय? तिचे नाव, की कृती? की ज्या गावात, ज्या हातांनी ती घडली ते गाव आणि ते हात? बाजाराने उत्तर दिले आहे: नाव आणि कृती म्हणजेच गोळी. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. परंतु आठवण काढणाऱ्या माणसाचे त्या उत्तराने समाधान होते काय?

होत नाही, आणि त्याचे पहिले कारण आपल्या जिभेतच आहे. लहान मुलांना मोठ्यांपेक्षा कितीतरी अधिक गोड चव आवडते. पौगंडावस्थेत ती आवड ओसरू लागते, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. म्हणजे कृती तंतोतंत तीच असली तरी चाखणारी जीभ ती राहिलेली नाही. दुसरे कारण मेंदूत आहे. चवीतला मोठा वाटा गंधाचा असतो, आणि भावना व स्मृती सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागांशी गंधाचा फार जवळचा संबंध आहे. म्हणूनच एखाद्या वासाने चाळीस वर्षांपूर्वीचा दिवस अंगावर येतो, आणि गोळी तोंडात विरघळेपर्यंत ओसरूनही जातो. परत आलेली गोळी दाराची कडी वाजविते. पण दार उघडून पाहावे तर बाहेर कोणी नसते. पुष्कळांचा अनुभव असा आहे की हरवलेली वस्तू पुन्हा मिळाली तेव्हा आनंद झाला, पण दुसरे पाकीट आणावेसे वाटले नाही.

मग हवे होते ते काय? ह्याचे उत्तर आपल्या शाळेच्या पटांगणात आहे. मुले दोन किंवा तीन आणि गोळी एक, असा प्रसंग आला की आपण काय करीत असू? सदऱ्याचे टोक गोळीवर गुंडाळायचे, कापडावरून दातांनी ती फोडायची आणि तुकडे वाटून घ्यायचे. कापड मध्ये असल्यामुळे गोळी उष्टी होत नसे. ह्याला आपण ‘चिमणीच्या दातांनी’ तोडणे म्हणत होतो. तुकडे कधीच सारखे होत नसत. मोठा तुकडा कोणी घ्यायचा ह्यावर भांडण होई, आणि बहुधा तो सर्वांत लहान मुलाला मिळे. न्याय, शुचिता आणि दया ह्यांचे इतके प्राथमिक शिक्षण कोणत्याही पाठ्यपुस्तकाने दिले नसेल. गोळीची चव आपल्या आठवणीत आहे हे खरे, परंतु ती अर्ध्या गोळीची चव आहे.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कन्फेशन्स’ ह्या आत्मनिवेदनात तरुणपणी केलेल्या नासपतींच्या चोरीची हकिकत सांगितली आहे. फळे फारशी चांगली नव्हती आणि भूकही नव्हती. चोरलेली फळे त्यांनी डुकरांपुढे टाकली. मग चोरी का केली, ह्याचा शोध घेताना ते अशा निष्कर्षाला येतात की एकटा असतो तर हे आपण केलेच नसते. सोबत्यांच्या संगतीची ओढ त्यामागे होती. त्यांनी हे पापाविषयी लिहिले, परंतु ते निष्पाप गोडीलाही लागू पडते. एकट्याने खाल्लेली गोळी सहसा कोणाला आठवत नाही. आठवते ती कोणी दिलेली, कोणाबरोबर वाटून घेतलेली. कामावरून परतताना वडिलांनी खिशातून काढलेली, रोजच्या खर्चातून उरवून आजीने पदराच्या गाठीत बांधून आणलेली. तेव्हा ह्या ओढीच्या मुळाशी पदार्थ नाही, नाते आहे.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. स्मृती ही प्रेमळ असते, पण सत्यवादी असतेच असे नाही. बायबलच्या जुन्या करारात, ‘गणना’ ह्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात, रानातून चाललेले इस्राएली लोक मिसर देशातले मासे, काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूण आठवून रडतात. हे सारे आपल्याला तेथे फुकट मिळत होते, असे ते म्हणतात. फुकट! ज्या देशात ते गुलाम होते, ज्या देशात त्यांच्या पाठीवर चाबूक उडत होता, तेथले अन्न त्यांना फुकटचे वाटले. जिभेने कांदा लक्षात ठेवला आणि पाठीने वळ विसरून टाकले.

आपणही काही वेगळे नाही. टोकाला तांबडा रंग लावलेल्या, सिगारेटसारख्या दिसणाऱ्या गोळ्या आपण ओठांत धरून मोठ्या माणसांची नक्कल केली. आज त्या आठवून हसतो, पण लहान मुलाच्या ओठांत तो आकार देणे योग्य होते काय, हे विचारत नाही. शीतपेयांत सुवासिक तेल नीट मिसळून राहावे म्हणून वापरल्या जाणाऱ्या ब्रोमिनयुक्त वनस्पती तेलावर आपल्या देशात १९९० साली बंदी आली. ती बंदी आली हे बरेच झाले. जे जे गेले ते सर्व राहण्याच्याच योग्यतेचे होते, असे नाही. आणि ज्या मुलाच्या हातात ते दहा पैसेही नव्हते, जे दुकानाबाहेर उभे राहून बरणीकडे पाहत राहिले, त्याला आज काय आठवत असेल? ‘तो काळच गोड होता’ असे म्हणताना तो काळ कोणासाठी गोड होता, हे विचारणे सत्याच्या दृष्टीने आवश्यक आहे.

दुसरा विसर ह्याहूनही गंभीर आहे. विलेपार्ल्यातील बिस्किटांचा कारखाना २०१६ साली बंद झाला. १९२९ साली तेथे आरंभ झाला होता. त्या स्थानकावरून जाणाऱ्या लोकल गाडीतील प्रवाशांना डोळे मिटूनही कळत असे की पार्ले आले. इतका तो भाजल्या बिस्किटांचा दरवळ ओळखीचा होता. कारखाना बंद झाला तेव्हा त्या वासाबद्दल पुष्कळ हळहळ व्यक्त झाली, ते स्वाभाविकही होते. परंतु भट्टीसमोर उभे राहून ज्यांनी तो वास निर्माण केला त्या कामगारांविषयी त्या मानाने किती बोलले गेले? वस्तू बंद पडते तेव्हा एक चव जाते, आणि तिच्याबरोबर काही माणसांच्या हातांचे कसबही निरुपयोगी ठरते. आपल्या हळहळीत त्या हातांना जागा नसेल तर ती हळहळ केवळ स्वतःविषयीची आहे.

कंपन्यांनी बंद केलेल्या वस्तूंबद्दल निदान कंपन्यांना बोल लावता येतो. परंतु जे आपणच बंद केले त्याचे काय? आमच्या वसईत राजेळी केळ्यांची सुकेळी होत. आगाशीची सुकेळी तर दूरवर नाव मिळवून होती. पिकलेली केळी सोलून कित्येक दिवस उन्हात वाळवायची, सायंकाळ झाली की गोळा करून झाकून ठेवायची, सकाळी पुन्हा पसरायची. आभाळ आले की सगळ्या घराचा जीव टांगणीला. साखरेचा कणही न घालता मधासारखी गोडी उतरे. आता मोजकीच कुटुंबे हे काम करतात. वाड्या कमी झाल्या, राजेळीची लागवड घटली, आणि इतके कष्ट करण्यास हात उरले नाहीत. हा निर्णय कोणत्या दूरच्या कचेरीत झाला नाही. तो आपल्याच अंगणात, थोडा थोडा करून झाला. शहरात नोकरीला गेलेल्यांना आम्ही दोष देत नाही; त्या नोकऱ्यांनी मुलांची शिक्षणे झाली. परंतु रोला कोलासाठी दहा हजार जण एका बोटाने मागणी पुढे धाडतात आणि सुकेळ्यांसाठी दहा दिवस ऊन राखायला कोणी सापडत नाही, हा फरक आपल्याला काही सांगतो. जी ओढ आपल्याकडून काहीच मागत नाही ती करमणूक होय. जी ओढ आपल्याला कष्टाला लावते तिलाच प्रेम म्हणावे.

तेव्हा आरंभी जे तिसरे काही शोधीत होतो त्याला आम्ही ‘ऋण’ म्हणू. हरवलेली गोडी ही आपल्यावरचे एक देणे आहे. ज्यांनी ती दिली त्यांतील बरेच जण आज नाहीत. त्यांना ते परत करता येणार नाही. ते दहा पैशांचे नाणेही नाही. पंचवीस पैसे आणि त्याखालील सर्व नाणी ३० जून २०११ अखेर चलनातून बाद झाली. मागे फेडता येत नाही असे ऋण पुढे फेडावे लागते.

आजारी वृद्धांना भेटावयास जाण्याचा प्रसंग आम्हांस वरचेवर येतो. शेवटच्या दिवसांत त्यांना महागडे पदार्थ नको असतात. कधीकाळी खाल्लेली एखादी साधी वस्तू मागतात. घरची माणसे म्हणतात, ‘ते आता मिळत नाही,’ आणि तेथेच बोलणे संपते. खरे तर बोलणे तेथे सुरू व्हावयास हवे. ‘बाय, ती गोळी तुला कोण आणून देत असे?’ एवढे विचारले तरी पुरे. वस्तू मिळाली नाही तरी तो देणारा त्या खोलीत येतो, आणि पुष्कळदा म्हातारीला तेच हवे असते.

आणि मुलांचे काय? ‘आमच्या वेळची मजा तुम्हांला काय ठाऊक,’ असे त्यांना ऐकविण्याचा मोह आपण टाळावा. त्या वाक्याने आपला भूतकाळ गोड होत नाही, त्यांचा वर्तमान मात्र आंबट होतो. त्यांच्याही हातात आज काही वेष्टने आहेत, ज्यांच्या चवी उद्या बंद होणार आहेत. चाळीस वर्षांनी तीही सुस्कारा टाकतील. त्यांना तेव्हा कोणाचा चेहरा आठवावा, हे मात्र आज आपल्या हाती आहे. एका गोळीचे दोन तुकडे कसे करावयाचे हे ज्याला येते, त्याने ते एखाद्या मुलाला शिकवावे. आणि मोठा तुकडा त्याला द्यावा.