देवताभक्ती आणि अनन्यता

पनवेल परिसरातील आगरी-कोळी कुटुंबे चैत्रात कार्ल्याच्या एकवीरेस जाऊन नवस फेडतात. हिमालयात कुल्लूच्या दसऱ्यासही गावोगावच्या देवता पालख्यांतून येतात. अशा देवताभक्त घरातील एखाद्याने उपदेश घेतल्यास त्याने आप्तांशी कसे वागावे?

ब्रह्मविद्या जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न मानते. देवता नाहीतच, असे ती म्हणत नाही. देवतेचे फळ नाशिवंत आणि मोक्षदाता एक परमेश्वरच, असे ती सांगते. म्हणून उपदेशीने नवस बोलू नये, बळीच्या हिंसेत वाटेकरी होऊ नये. परंतु वृद्ध मातेच्या श्रद्धेचा उपहास करून तिचे मन दुखविणे हीही हिंसाच होय. यात्रेहून थकून आलेल्या मातेचे पाय चेपावेत. नवसाचे ताट मात्र हाती घेऊ नये. अनन्यता स्वतःच्या आचारात असावी, दुसऱ्याच्या अपमानात नव्हे.