क्षमा केली, विश्वास कधी?

मार्गशीर्षात घरोघरी गुरुचरित्राचे सप्ताह बसतात. ज्या घरांत पोथी वाचली जाते त्या घरांतही व्यसन शिरतं, हे आता झाकून ठेवण्यात अर्थ नाही. दर्शन झाल्यावर ओवरीत बसलेले एखादे काका हळूच विषय काढतात, "मुलगा केंद्रातून परत आलाय. सहा महिने झाले, हात लावला नाही म्हणतो. पण कपाटाची किल्ली अजून मी जानव्यालाच बांधतो. देवासमोर क्षमा केली म्हणतो आणि किल्ली देत नाही. हा खोटेपणा नाही का?"

माझ्या मते नाही. क्षमा आणि विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्यांची गल्लत करतो. क्षमा आईबापांना एकट्यानं करता येते, आज रात्रीसुद्धा करता येते. त्यासाठी मुलानं काही करून दाखवावं लागत नाही. विश्वासाला मात्र दोघं लागतात, आणि दिवस जावे लागतात. अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, त्यांत पहिली पृथ्वी. तिला खणा, नांगरा, ती सोसते. पण पृथ्वी क्षमाशील आहे म्हणून शेतकरी कुंपण घालायचं सोडत नाही.

त्याच चोवीस गुरूंमध्ये कपोत आहे, त्याच्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. पिल्लं पारध्याच्या जाळ्यात अडकली म्हणून कबुतरी जाळ्यात शिरली, तिच्यामागून कबूतरही. पिल्लं सुटली नाहीतच. मुलाची उधारी गुपचूप फेडणं, 'ताप आलाय' असं त्याच्या ऑफिसात खोटं कळवणं, मुदत ठेव मोडून त्याच्या हातात पैसे ठेवणं ही सगळी जाळ्यात घेतलेली उडीच. माया खरी असते हो, पण तिनं व्यसनाला आणखी वर्षभर पोसलेलं असतं.

आता तो खोटं का बोलत होता? गर्दसारख्या पदार्थाची शरीराला सवय झाली की तो न मिळाल्यावर जो त्रास होतो त्याला व्यसनी मंडळी 'टर्की' म्हणतात. अंग मोडून येतं, नाक-डोळे वाहतात, उलट्या-जुलाब, झोप नाही. तो टाळण्यासाठी माणूस आईच्या पाटल्याही विकतो. व्यसन हा आजार आहे, असं आज वैद्यकशास्त्र मानतं. पुण्यात डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं ते याच समजुतीवर. पण आजार म्हटलं की जबाबदारी संपत नाही. मधुमेह कुणी मागून घेत नाही, पथ्य मात्र ज्याचं त्यालाच पाळावं लागतं.

केंद्रातून घरी आला म्हणजे बरा झाला, हाही गैरसमज. शरीर काही दिवसांत सावरतं, पण झोप, चिडचिड, आतून येणारी ओढ महिनोन् महिने राहते. पुन्हा घसरणाऱ्यांचं प्रमाण शंभरात चाळीस ते साठ, म्हणजे रक्तदाब किंवा दम्याचे रुग्ण पथ्य मोडून पुन्हा आजारी पडतात साधारण तितकंच, असं अमेरिकेतली व्यसनांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था सांगते. आणि एक गोष्ट प्रत्येक आईबापाला ठाऊक हवीच. काही काळ बंद ठेवल्यावर शरीराची सोसण्याची ताकद उतरलेली असते. अशा वेळी पूर्वीइतकीच मात्रा घेतली तर श्वास थांबून जीव जाऊ शकतो.

म्हणून मला वाटतं, आधी बघायचं ते पैशांचं नाही. तो घसरला तर घरी येऊन सांगू शकेल का, हे बघायचं. 'पुन्हा घेतलंस तर माझं तोंड पाहू नकोस' असं ज्या घरात ऐकलंय, तिथं तो सांगणार नाही. न्हाणीघराची कडी लावून घेईल.

याच कारणानं पादुकांवर हात ठेवून शपथ घ्यायला लावू नये, असं मी स्पष्ट म्हणतो. काहींना ते रुचणार नाही. पण शपथ मोडली की तो आईबापांपासून लपत होता तो देवापासूनही लपू लागतो, आणि देवळाची पायरीच सोडतो. एक आधार आपणच काढून घेतलेला असतो. त्याच्या मनानं त्यानं संकल्प केला तर गोष्ट वेगळी. तोही आजच्या दिवसापुरता असावा.

गुरुचरित्रातला नरहरी आठवा. कुष्ठानं पीडलेल्या त्या ब्राह्मणाला श्रीगुरूंनी औदुंबराचं वाळलेलं लाकूड दिलं आणि संगमावर रोवून रोज पाणी घालायला सांगितलं. लोक हसले, वाळक्या लाकडाला कधी पालवी फुटते का म्हणाले. तो घालत राहिला. आपण ही कथा त्याच्या श्रद्धेसाठी सांगतो. मला त्यात आणखी एक दिसतं. पाणी ज्याचं दुखणं त्यानंच घातलं. श्रीगुरूंनी त्याच्या वतीनं घागर उचलली नाही, आणि लोकांबरोबर हसलेही नाहीत. आईबापांना हीच जागा अवघड जाते.

मग किल्लीचं काय? ती जवळ ठेवावी, पण उघडपणे. 'सध्या माझ्याकडे राहू दे, दिवाळीनंतर पुन्हा बोलू' असं तोंडावर सांगावं. तो झोपल्यावर पाकीट तपासणं, शर्टाचा वास घेणं, नोटा मोजून ठेवणं यानं दोघंही झिजतात. लघवीची तपासणी करायची असेल तर समुपदेशकाच्या सल्ल्यानं, त्याला आधी विचारून. लहान कामं सोपवावीत. वीजबिल भरून ये, पावती आण. पावती आणली की पिशवीत आणखी काय आहे ते बघू नये. चार महिने पावत्या येत राहिल्या की मोठं काम द्यावं.

'लग्न केलं की सुधारेल' म्हणणारे नातेवाईक भेटतातच. मुलीकडच्यांपासून लपवून लग्न लावणं हे सरळ पाप आहे. दुसऱ्याची लेक औषध म्हणून आणायची नसते.

आईबापांनाही बोलायला कुणी लागतं. व्यसनी माणसांच्या घरच्यांचे मदतगट अनेक शहरांत आहेत, आणि सरकारची १४४४६ ही मोफत मदतवाहिनी कुटुंबीयांसाठीही आहे. तिथं फोन केल्यानं घराण्याची अब्रू जात नाही.

एक भाग मात्र आईबापांच्या हाती नसतो. धाकट्या बहिणीच्या शिक्षणाचे पैसे त्या वर्षांत गेले असतील. आपण आपल्या वाटची क्षमा करू शकतो, तिच्या वाटची नाही. 'आता झालं गेलं विसर' असं तिला सांगायचा अधिकार आपल्याला नाही. भाऊबीजेला ती आली नाही तर समजूत घालायला फोन करू नये. ओवाळणी त्यानं स्वतःच्या पगारातून पाठवावी, आणि ठेवायची की परत करायची ते तिचं तिला ठरवू द्यावं.