गरज आणि चैन

मनुष्याची गरज कोठे संपते आणि चैन कोठे सुरू होते, हा प्रश्न आम्हां कारकुनांना रोज सोडवावा लागतो. खर्चापुढे 'अनावश्यक' असा शेरा मारला, की आमच्यापुरता तो सुटतो. वस्तुतः तो इतक्या सहज सुटणारा नाही, याची जाणीव मला गेल्या माघात बजबज येथील एका मिठाईच्या दुकानात झाली.

रविवारी कलकत्त्याहून भाड्याच्या मोटारीने आम्ही सहकुटुंब निघालो होतो. १९१४ साली 'कोमागाटा मारू'च्या उतारूंवर बजबजला गोळीबार झाला. त्यांचे स्मारक मुलांना दाखवावे आणि हुगळीचे विस्तीर्ण पात्र पाहावे, एवढाच बेत. वाटेत चहासाठी थांबलो. दुकानाच्या मागील अंगास कढईत दूध उकळत होते. कारागिराने त्यात आदल्या दिवशीचे आंबट पाणी ओतले. दूध फाटले, हिरवट पाणी निथळले आणि फडक्यात पांढरा गोळा उरला. हाच छाना. हिवाळ्यात त्यात खजुराचा नवा गूळ घालून परतला, की बंगाल्यांचा लाडका संदेश होतो.

आईला मात्र ते पाहवेना. "अरे, चांगलं दूध हातानं नासवायचं? कुणा लेकराच्या तोंडचं असेल ते!"

वृद्ध दुकानदाराला मी तिच्या बोलण्याचा अर्थ सांगितला. तो हसला नाही. सरकारही एकदा असेच म्हणाले होते, असे तो म्हणाला. १९६५ साली दुधाची टंचाई असताना मुख्यमंत्री प्रफुल्लचंद्र सेन यांच्या सरकारने छान्याच्या मिठाईवर बंदी घातली होती. दूध मुलांना आणि आजाऱ्यांना मिळावे, हा हेतू. त्याच्या वडिलांनी भट्टी विझवली. दोन कारागीर गावी गेले. बंदी फार काळ टिकली नाही, पण ते कारागीर परत आले नाहीत.

न्याय कोणाच्या बाजूला होता? भुकेल्या मुलाचा दुधावरील हक्क संदेशाच्या आधी येतो, याविषयी दुमत होणार नाही. केवळ श्रीमंतांच्या सद्बुद्धीवर विसंबले तर ते मूल उपाशीच राहण्याचा संभव अधिक. तेव्हा सक्ती सर्वस्वी त्याज्य आहे, असेही म्हणवत नाही. परंतु खाणाऱ्याची जी चैन, तीच करणाऱ्याची भाकरी असते. एकाला जिभेवरची गोडी सोडावी लागली आणि दुसऱ्याला गाव सोडावे लागले. त्याग दोघांनीही केला म्हणावे, तर मापे किती निराळी! आणि माप ठरवणाऱ्याचे त्यात काय गेले? दुसऱ्याच्या गरजेवर शेरा लिहिणाऱ्याने आधी आपला वाटा मोजून द्यावा, एवढी तरी नीती त्याच्याकडून अपेक्षिली पाहिजे.

हा विचार करीत असताना मला माझ्याच घरची वही आठवली. आईला यंदा आषाढीला पंढरपूरला जायचे होते. येथून प्रवास लांबचा, मुलांची फी भरायची. मी तो खर्च खोडला होता. आई काही बोलली नव्हती. माझी रोजची सिगारेट मात्र त्याच पानावर 'किरकोळ' या सदरात सुखरूप होती.

दुकानदाराने आईपुढे पानाच्या द्रोणात एक संदेश ठेवला. तिने क्षणभर विचार केला, अर्धा मोडून नातवाला दिला आणि अर्धा तोंडात टाकला. "गोड आहे हो," ती मराठीतच त्याला म्हणाली. त्याला ते समजले असावे.

रात्री मी वही उघडली. पंढरपूरचा खर्च पुन्हा लिहिला आणि 'किरकोळ'वर काट मारली. न्यायाचा मोठा प्रश्न त्याने सुटला नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीत पहिल्याच कागदावर शेरा लिहिताना हात किंचित थांबला, इतकेच.