रस्त्याची कड

जालन्यातल्या मस्तगडात राहणाऱ्या माणसाला राजूरचा रस्ता पायाखालचा असतो. अंगारकीला जालन्याहून राजूरच्या गणपतीला पायी निघालेल्यांची रीघ रात्रीच लागते, आणि त्या रिघेत मीही चाललो आहे. पाठीमागून भरधाव गाडी येते तेव्हा चालणारा खाली उतरू पाहतो. पण खाली साइडपट्टी असतेच असे नाही. कुठे खचलेला मुरूम, कुठे काटेरी बाभळ, कुठे थेट विहीर.

18 जुलै 2024 रोजी, आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, पंढरपूरहून परतलेले वारकरी याच रस्त्याने काळीपिवळीतून गावाकडे निघाले होते. तुपेवाडीजवळ गाडी रस्त्यालगतच्या विहिरीत कोसळली. सात जण गेले. समोरून आलेल्या दुचाकीला वाचवताना चालकाचा ताबा सुटला, असे तेव्हा सांगण्यात आले. दोनच महिन्यांनी अंबड तालुक्यात एसटी आणि ट्रकची समोरासमोर धडक झाली, पुन्हा माणसे गेली.

2022 साली देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजार 491 माणसे मेली. त्यांतल्या सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंपुढे कारण लिहिले आहे: अतिवेग. ते खोटे नाही. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात 22 मीटर पुढे जाते, आणि धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत चांगल्या चालकालाही साधारण सेकंद लागतोच. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. आडवी आलेली शेळी, ऊस भरलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली, शाळेतून सुटलेली पोरे यांना चुकवायला मग जागाच उरत नाही.

तरीही ‘अतिवेग’ एवढे लिहून चौकशी संपते, याचा मला राग येतो. वेग चालकाचा असतो, पण त्या वेगाला वाट कोणी करून दिली? खड्डे होते तोवर गाड्या नाइलाजाने हळू जात. डांबर गुळगुळीत झाले, वेग वाढला, आणि कड मात्र जुनीच राहिली. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी विहीर आधीची, रस्ता नंतरचा. रुंद होत होत तो विहिरीच्या काठाशी येऊन भिडतो. कठडा तेवढा कोणाच्या अंदाजपत्रकात बसत नाही. चालकाची चूक क्षणाची असेल, ही चूक वर्षानुवर्षे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उघडी पडलेली असते. शेतकरी म्हणतो रस्ता सरकारचा, सरकारी माणूस म्हणतो विहीर खासगी.

येत्या ग्रामसभेत एवढेच विचारा: आपल्या शिवारात रस्त्यालगत उघड्या विहिरी किती? ठराव घ्या, तो बांधकाम विभागाकडे द्या, कठडा उभा राहीपर्यंत पिच्छा सोडू नका. आणि गाडी तुमच्या हातात असेल, तर गावाची पहिली घरे दिसताच वेग निम्म्यावर आणा.