तोंड आणि हात

परंडा तालुक्यातल्या सोनारीला काळभैरवनाथाच्या देवळाभोवती माकडांचा मोठा वावर आहे. ही माकडे येणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नाहीत. दाढी आहे की टिळा, गोरा आहे की सावळा, त्यांना काही पडलेले नाही. त्यांची नजर थेट हातावर!

आम्ही माणसे मात्र तोंड पाहूनच निकाल देतो. एसटीत दाढीवाल्याशेजारची जागा रिकामी राहिली की आम्हाला वाईट वाटते. पण आम्ही तरी काय करतो? वर्गात खडू हरवला की आमचे डोळे आधी खट्याळ दिसणाऱ्या पोराकडेच वळतात. एकदा खडू आमच्याच खिशात निघाला. पोर हसले, आम्हाला मात्र त्याच्याकडे बघवेना.

अनोळखी चेहऱ्यावर मत बनवायला माणसाला सेकंदाचा दहावा भागही पुरतो, असे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवले. मत असे चटकन बनते, ते आमच्या हाती नाही. त्या मतावर शिक्षा द्यावी की नाही, हे मात्र आमच्याच हाती आहे.

अल्लाह माणसाचे रूप आणि दौलत पाहत नाही, दिल आणि अमल पाहतो, अशी हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. दिल तर आम्हाला दिसत नाही. निदान हात तरी पाहू या!